गावातल्या कुत्र्यांचे कान : घरच्या सफाईच्या कामाच्या नोंदी

२ जून

काम सुरू. ठिकाण अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यातलं, खारपाणपट्ट्यातलं (जमिनीतलं पाणी खारं असलेल्या भागातलं) गाव. अंगणातलं, गोठ्यातलं किंवा शेतावर राखणीला असलेलं कुत्रं. त्याचा कान घरच्या माणसाने कसा पाहायचा, आणि साफ करायची वेळ आलीच तर कशाने, किती आणि कुठवर, एवढं ठरवायचं आहे.

आधी पाहणं. निरोगी कानाची आतली कातडी फिकट गुलाबी असते. थोडा पिवळसर किंवा फिका तपकिरी मळ असतो. वास जवळजवळ नसतो. कानाच्या मुळाशी, गालाच्या मागे, दोन बोटांनी हलकं दाबलं तर कुत्रं डोकं काढून घेत नाही. असा कान दिसला की काम तिथेच संपलं, आत काहीही टाकायचं नाही. कान स्वतःच स्वतःला साफ करत असतो. पडद्याजवळची कातडी हळूहळू बाहेरच्या दिशेने सरकत येते आणि मळ सोबत घेऊन येते. आपल्या गावठी कुत्र्यांचे कान उभे, त्यात वारा खेळतो, म्हणून बहुतेकांना सफाई लागतच नाही. लागते ती लोंबत्या कानांच्या कुत्र्यांना (लॅब्राडोर आणि त्याच्या संकराची पिल्लं आता खेड्यातही आहेत), शेततळ्यात डुंबणाऱ्यांना आणि ज्यांचा कान आधी एकदा बिघडून गेला आहे त्यांना.

पिल्लांच्या कानाची वाट जन्मतः बंद असते. ती साधारण दोन आठवड्यांनंतर उघडते. त्याआधी तिथे हातसुद्धा नको.

५ जून

कानाचा नमुना केला. तोंडाने सांगून हे पटत नाही, डोळ्यांनी पाहिलं की लगेच पटतं.

कुत्र्याच्या कानाची वाट माणसासारखी सरळ नाही. ती आधी खाली उतरते, मग काटकोनात वळून डोक्याच्या आत जाते आणि तिथे पडदा. लहानमोठ्या कुत्र्याप्रमाणे एकूण लांबी साधारण ५ ते १० सेंमी. मोबाइलच्या टॉर्चने दिसतो तो फक्त खाली उतरणारा भाग. वळणापलीकडचं आणि पडदा घरी दिसत नाही, त्याला डॉक्टरांचा ऑटोस्कोप (कानात पाहायचं दिव्याचं उपकरण) लागतो.

गवंड्याची पाणलेव्हलची पारदर्शक नळी घेतली. १२ सेंमीचा तुकडा कापला, गरम पाण्यात धरून मऊ केला, मधोमध वाकवून दोरीने बांधला. एका टोकाला फुग्याचा तुकडा ताणून रबराने पक्का केला, तो झाला पडदा. वनस्पती तुपात चुलीची काजळी कालवून नळीच्या आत थर दिला, तो झाला मळ.

कापूस लावलेली काडी फिरवली. पहिल्या फेरीला कापसाला काळं लागलं, आणि पाहणाऱ्याला वाटलं की निघालं. बाहेरून नळी पाहिली तर निघालं थोडं, बाकीचं वळणावर जाऊन साचलेलं. तिसऱ्या फेरीला तिथे बूच तयार. खऱ्या कानात हे बूच पडद्याला टेकतं, त्याच्यामागे ओल अडकते आणि कान कुजायला लागतो. कुत्र्याने ऐन वेळी डोकं झटकलं तर काडी थेट पडद्यात जाते.

दुसरा तुकडा. त्यात कोमट पाणी काठोकाठ भरलं आणि नळी बोटांनी वळणापाशी दाबत-सोडत राहिलो. तूप मऊ पडून कण सुटले आणि पाण्याबरोबर तोंडाशी आले. पुसायचं ते एवढंच.

तिसरा तुकडा. २० मिलीची पिचकारी (सिरिंज) नळीच्या तोंडात घट्ट बसवून दाबली. दुसऱ्या टोकाचा फुगा टम्म फुगला. पाण्याला मागे यायला वाट नसली की सगळा जोर पडद्यावर जातो. म्हणून बाटलीचं किंवा पिचकारीचं तोंड कानाच्या भोकात कधीच बसवायचं नाही, वरून ओतायचं.

९ जून

पाणी. खारपाणपट्ट्यात हा विषय वेगळा लिहायला लागतो.

कान धुवायला सगळ्यात निर्धोक म्हणजे मिठाचं ०.९ टक्क्याचं पाणी, म्हणजे सलाईन. एक लिटर पाण्याला ९ ग्रॅम मीठ. अर्ध्या लिटरला साडेचार ग्रॅम, म्हणजे औषधाचा ५ मिलीचा चमचा पाऊण भरून, काठोकाठ नाही. पाणी आधी उकळून झाकण ठेवून निववायचं. हे गणित गोड्या पाण्याचं आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या विहिरी-बोअरचं पाणी मुळातच खारं. त्यात वरून मीठ घातलं की नक्की किती टक्के झालं ते कळत नाही. उकळल्याने खारटपणा जात नाही, उलट पाणी आटतं आणि तो वाढतो. जास्त खारं पाणी सोललेल्या कातडीला झोंबतं. तेव्हा इथे घरी मिठाचं पाणी करायचं नाही. मेडिकलमधून १०० मिलीची सलाईनची बाटली आणायची.

आणताना लेबल वाचायचं. बाटलीवर एनएस (नॉर्मल सलाईन) पाहिजे, डीएनएस (डेक्स्ट्रोज घातलेलं सलाईन) नको. डीएनएसमध्ये ५ टक्के साखर असते. कानात ती चिकटते आणि ज्या यीस्टला (एक बुरशी) हाकलायचं त्यालाच खाऊ मिळतो. दोन्ही बाटल्या दिसायला सारख्या, म्हणून आज हे पाहणीच्या कागदावर लाल शाईने लिहिलं.

सलाईनमध्ये टिकवणारं औषध नसतं. फोडलेली बाटली २४ तासांनी टाकून द्यायची. एकाच सकाळी दोन-तीन घरची कुत्री उरकली तर वाया जात नाही.

१० जून

सलाईनची हद्द तपासली. धूळ, पातळ मळ, शेततळ्याचा गाळ निघतो. घट्ट मेणासारखा मळ निघत नाही, कारण पाण्याने मेण विरघळत नाही. त्यासाठी प्राण्यांच्या कानाचं तयार क्लीनर लागतं. त्यात मळ सैल करणारे आणि कान कोरडा करणारे घटक असतात. डॉक्टरांनी एकदा ऑटोस्कोपने पडदा शाबूत असल्याचं पाहिल्यावरच ते वापरायचं. पडदा फाटलेला असेल तर क्लीनरमधला क्लोरहेक्सिडीनसारखा जंतुनाशक घटक आतल्या कानात उतरून कुत्रं कायमचं बहिरं होऊ शकतं.

माणसांच्या कानातला मळ मऊ करणारे थेंब घरोघरी सापडतात. त्यातल्या बऱ्याच बाटल्यांत टर्पेंटाइन आणि बेंझोकेन असतं. कुत्र्याला नको.

उष्णता: कुत्र्याच्या अंगाचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस. पाणीही तेवढंच हवं. थंड पाणी कानात गेलं की कुत्र्याला गरगरतं आणि पुढच्या वेळी बाटली पाहूनच ते पळतं. बाटली कोमट पाण्याच्या गंजात (भांड्यात) पाच मिनिटं उभी ठेवायची, थेंब मनगटाच्या आतल्या बाजूला टाकून पाहायचा. गरम वाटलं नाही, गार वाटलं नाही, तर बरोबर.

१४ जून

कापूस. कापसाच्या मुलखात हे सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं, पण बहुतेक घरांतून वातीसाठी ठेवलेला घरचा कापूसच पुढे आला.

दोन वाट्यांत पाणी घेतलं. एकीत घरचा, सरकी काढलेला कापूस टाकला, दुसरीत मेडिकलमधला सर्जिकल कापूस. सर्जिकल काही सेकंदांत भिजून तळाला गेला. घरचा दुपारपर्यंत तरंगत होता. कापसाच्या तंतूवर निसर्गतःच मेणाचा पातळ थर असतो. सर्जिकल कापूस कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळून, धुऊन, पांढरा करून तो थर काढलेला असतो. मेण तेलाला धरतं, म्हणून घरच्या कापसाची वात छान जळते. पण ते पाण्याला धरत नाही. कानात हा कापूस ओल टिपत नाही, मळ इकडून तिकडे सारवतो, शिवाय त्यात सरकीच्या टरफलाचे आणि वाळल्या पानांचे कण असतात.

सर्जिकल कापूस नसेल तर जुन्या सुती लुगड्याचं किंवा धोतराचं फडकं. कापडावर पाण्याचा थेंब टाकायचा. तो लगेच पसरला तर चालतं, मण्यासारखा उभा राहिला तर त्यात टेरिकॉटचा धागा आहे, नको. १० सेंमीचे चौकोन कापून दहा मिनिटं उकळायचे, उन्हात वाळवायचे, स्वच्छ डब्यात भरायचे. वापरताना कडा आत दुमडायच्या, कारण सुटा धागा कानात राहिला की नवीन दुखणं.

१८ जून

धरणं. सफाई बिघडते ती बहुधा इथेच.

फक्त घरचं, ओळखीचं, रेबीजची लस झालेलं कुत्रं. भटक्या कुत्र्याचा कान कितीही वाईट दिसला तरी घरच्या माणसाने धरायचं नाही. कुत्रं अचानक चावरं झालं, लाळ गाळू लागलं, गिळता येईना, आवाज बदलला, तर कानाचा विचार सोडून लांब राहायचं आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं. चावा किंवा ओरखडा बसला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात लस घ्यायची. हळद नाही, मिरची नाही, चुना नाही. जे रोज कुत्री हाताळणार त्यांनी आधीच लस घेऊन ठेवावी: ० आणि ७व्या दिवशी, आणि तिसरी २१ किंवा २८व्या दिवशी.

जागा ओसरीचा कोपरा, दोन बाजूंना भिंत. खाली गोणपाट. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात आणि घसरलेलं कुत्रं घाबरून चावतं. माणसं दोन. एकाने शेजारी बसून एक हात छातीखालून आणि एक हात मानेखालून घालायचा, डोकं आपल्या खांद्याशी टेकवायचं. दुसऱ्याने कान. समोरून वाकायचं नाही, बाजूने बसायचं.

तोंड बांधायचंच असेल तर ५ सेंमी रुंद पट्टी, सव्वा मीटर. नाकाडावर फास, वर अर्धी गाठ, हनुवटीखाली दुसरी, मानेमागे ओढली की सुटणारी गाठ. जास्तीत जास्त दोन मिनिटं. कुत्र्याचं अंग मुख्यतः धापा टाकूनच निवतं. तोंड बांधलं की ती सोय बंद. म्हणून मे-जूनमध्ये काम सकाळी सातच्या आत, दुपारी अजिबात नाही. आखूड नाकाच्या कुत्र्याचं किंवा धाप लागलेल्याचं तोंड कधीच बांधायचं नाही.

पहिले तीन-चार दिवस सफाई करायचीच नाही. रोज कान फक्त वर उचलायचा, आत पाहायचं, भाकरीचा तुकडा द्यायचा. यात वेळ जातो, पण पुढचा वेळ यानेच वाचतो.

२३ जून

मोत्या. लोंबता कान, अंदाजे १५ किलो. दोन्ही कानांत तपकिरी पातळ मळ, लाली नाही, वास नाही, दाबलं तर दुखत नाही. गेल्या पंधरवड्यात शेततळ्यात उतरत होता. डॉक्टरांनी पडदा पाहून दिलेला, सलाईनने धुवायला हरकत नाही म्हणून. सफाईचा क्रम असा:

आधी चांगला कान, मग वाईट. वाईट कानातलं चांगल्यात जायला नको.

कानाची पाळी वर आणि किंचित बाहेर, सरळ ओढून धरली. त्याने खाली उतरणारी वाट थोडी सरळ होते. पाळी मागे पिरगळायची नाही.

सुई काढलेली ५ मिलीची पिचकारी. तिचं तोंड भोकाच्या एक सेंमी वर धरून, वाटेच्या भिंतीवरून धार सोडली, हळू. ४ मिलीला काठ दिसला. लहान कुत्र्याला १-२ मिलीतच भरतं, मोठ्याला ५च्या वर लागू शकतं. आकडा पाठ करायचा नाही, काठापर्यंत पाणी दिसलं की थांबायचं.

पाळी खाली सोडून कानाच्या मुळाशी, जबड्याच्या मागे, अंगठा आणि बोटांनी २०-३० सेकंद चोळलं. पचपच आवाज आला पाहिजे. आवाज नाही म्हणजे एक तर पाणी कमी आहे, नाही तर चोळणं चुकीच्या जागी चाललं आहे. चोळताना मोत्याने डोकं हाताकडे रेटलं, ते चांगलं लक्षण. काढून घेतलं असतं तर थांबलो असतो.

मग धरणाऱ्याने हात सैल केले आणि मोत्याने कान फडफडवले. हे अडवायचं नाही. आतलं पाणी वळणावरून वर आणण्याचं काम ही फडफडच करते. आपण तोंडावर फडकं धरायचं.

बोटाला कापूस गुंडाळून, बोट सहज जाईल तिथवरच पुसलं. करंगळी नाही, तर्जनी. करंगळी जास्त आत जाते. पाळीच्या घड्या पुसल्या. प्रत्येक पुसण्याला नवा कापूस. दुसऱ्यांदा पाणी भरून तेच. तिसऱ्या वेळी कापूस जवळजवळ पांढरा आला, तिथे थांबलो. शेवटी कोरड्या कापसाने ओल टिपली, कारण पावसाळ्यात ओला सोडलेला कान चार दिवसांत आंबतो.

पिचकारी मोत्याची झाली की टाकली. क्लीनरची बाटली असेल तर दोन कुत्र्यांच्या मध्ये तिचं तोंड स्पिरिटने पुसून वाळवायचं.

२७ जून

गावात कानात काय-काय टाकतात त्याची विचारपूस. लोकांचा हेतू चांगला असतो, कुत्र्याची कळ पाहवत नाही म्हणून करतात. कारण समजावलं की ऐकतातही. "तेल कोमट करून सोडलं तं काय होते जी?" हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आला.

गरम तेल, मग करडईचं असो की जवसाचं: किती गरम ते कळत नाही, आतली कातडी भाजते. कोमट असलं तरी मळ भिजून खाली उतरतो, वर येत नाही, आणि तेलावर धूळ बसते.

हळद, राख: ओलीत कालवून गिलावा होतो, वळणावर सुकतो. तो काढायला कुत्र्याला भूल द्यावी लागते.

तंबाखूचं पाणी: निकोटीन विष आहे. कातडीतून आणि चाटण्यातून अंगात जातं.

सीताफळाच्या बियांची पूड: उवांसाठी जुना उपाय म्हणून वापरतात. डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते, आणि कान फडफडवल्यावर ती डोळ्यातच जाते. माणसाच्याही.

हायड्रोजन पेरॉक्साइड: फेस येतो, त्यामुळे काम झाल्यासारखं वाटतं. मागे ओल आणि चुरचुर राहते. स्पिरिटही तसंच, सोललेल्या कातडीवर आग.

रॉकेल आणि कपाशीवरची फवारणीची औषधं: गोचडीसाठी अंगावर, कानावर चोळतात. यावर आज सगळ्यात जास्त वेळ बोललो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. तेच औषध कुत्र्याच्या पातळ कातडीला लावलं तर लाळ, थरथर, झटके, श्वास अडकणं. वाचवायला वेळ कमी मिळतो.

मागच्या वेळचे उरलेले थेंबही नकोत. कानाच्या थेंबांत बहुधा स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवस थांबते आणि आतला रोग चुपचाप वाढतो.

४ जुलै

मळाचा रंग आणि वास वाचायला शिकवलं.

तपकिरी, तेलकट, आंबूस वास, कान गरम, खाज भरपूर: बहुधा यीस्ट. पाऊस लागला की वाढतं. पिवळा किंवा हिरवट पू, घाण वास, हात लावू देत नाही: जिवाणू. या दोन्हीत घरी धुवायचं नाही, न पुसता दवाखान्यात न्यायचं, कारण डॉक्टरांना काचपट्टीवर तोच मळ तपासायचा असतो. आदल्या रात्री कान चकाचक करून नेला तर काय वाढत होतं ते दिसत नाही.

सुका, काळा, कॉफीच्या चोथ्यासारखा मळ, आणि कुत्रं मागच्या पायाने कान ओरबाडतं: कानातले किडे, म्हणजे माइट. घरची चाचणी सोपी आहे. चिमूटभर मळ काळ्या कागदावर ठेवायचा, कागद उन्हात दोन मिनिटं धरायचा, भिंगातून पाहायचं. टाचणीच्या टोकाहून लहान पांढरे ठिपके हलताना दिसले तर माइट. नाही दिसले म्हणून नाहीतच असं नाही. अंड्यापासून मोठं होईपर्यंत त्यांना साधारण तीन आठवडे लागतात, म्हणून आठवडाभराने खाज थांबली तरी औषध अर्ध्यात सोडायचं नाही. घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांना एकदमच औषध, नाही तर ते एकमेकांकडून परत येतात.

गुरांचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन अंदाजाने कुत्र्याला देणं जीवावर बेततं, पिल्लांना आणि कोलीसारख्या जातींना तर विशेष. मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची.

१२ जुलै

पाऊस लागून माश्या वाढल्या. उभ्या कानांच्या टोकांना चावतात, टोक काळं पडून खपली धरतं. खपली कोमट सलाईनने भिजवून मऊ करायची, ओरबाडायची नाही. वाळल्यावर बाहेरून व्हॅसलिनचा पातळ थर. खरा उपाय शेणाचा उकिरडा कुत्र्याच्या झोपायच्या जागेपासून हलवणं.

जखमेत अळ्या दिसल्या तर कानात टर्पेंटाइन नाही. त्याच दिवशी दवाखाना.

२६ जुलै

गोचीड. पाळीच्या आत, मुळाच्या घडीत आणि कानाच्या कडेला धरतात. बोटांनी चिरडायच्या नाहीत. हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हातात घालून, बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला लागून पकडायचं, सरळ वर, सावकाश ओढायचं. पिळायचं नाही, उदबत्तीने भाजायचं नाही. तोंडाचा तुकडा आत राहिला तर खणत बसायचं नाही, कातडी तो स्वतः बाहेर टाकते. काढलेली गोचीड स्पिरिटच्या झाकणबंद बाटलीत. वाटेच्या आत उतरलेली गोचीड घरी काढायची नाही.

रोज काढूनही रोज दिसतात, कारण मादी हजारो अंडी कुत्र्यावर नाही, भिंतीच्या फटीत घालते. कुडाच्या भिंतीचे आणि गोठ्याचे तडे माती-शेणाने लिंपून बंद करणं हाही कानाच्याच कामाचा भाग धरला. गोचीड काढल्यानंतरच्या दिवसांत ताप, अन्न सोडणं, हिरड्या पांढऱ्या पडणं किंवा नाकातून रक्त दिसलं तर ते रक्तातलं दुखणं आहे, कानाचं नाही.

१६ ऑगस्ट

टायग्या, आणखी एक कुत्रं. त्याच्या कानाची पाळी उशीसारखी फुगली. सतत डोकं झटकल्याने पाळीतली रक्तवाहिनी फुटून आत रक्त साचतं. घरी सुईने टोचायचं नाही, पुन्हा भरतं आणि पू होतो. दवाखान्यात नेलं. झटकण्याचं मूळ कारण कानाच्या आत असतं, तेही तिथेच शोधायला सांगितलं.

याच निमित्ताने थांबायची लक्षणं भिंतीवर लिहिली: डोकं एका बाजूला कललेलं, चालताना तोल जातो, डोळ्यांची बुबुळं सरसर हलतात, एका बाजूचा ओठ किंवा पापणी लोंबते, तोंड उघडताना कळवळतं, कानातून रक्त. आणि एक जे लोकांना माहीत नसतं: कानात पाणी टाकताच कुत्रं गिळायला, ठसकायला लागलं किंवा नाकातून पाणी आलं, तर पडदा फाटलेला आहे. यातलं एकही दिसलं तर कानात काही नाही, साधं सलाईनसुद्धा नाही.

फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक. अवघड कान अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थेत किंवा नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यावा लागतो, तिथे भूल देऊन आतून धुता येतं.

६ सप्टेंबर

उलटी चूक. एका घरात लॅब्राडोरचा कान रोज धुतला जात होता, मायेने. आतली कातडी पांढुरकी, भिजलेल्या बोटासारखी सुरकुतलेली, कडेला लाल. मळ नव्हताच. रोजच्या ओलीने कातडीचं कवच गेलं आणि आता तीच ओल यीस्टला बोलावते. तीन आठवडे धुणं बंद, फक्त रविवारी पाहणं.

ठरवलेला पल्ला: पाहणं आठवड्यातून एकदा, सगळ्यांचं. धुणं मळ दिसला तरच. लोंबत्या कानाच्या, पाण्यात उतरणाऱ्या कुत्र्याला साधारण पंधरवड्यातून एकदा. उभ्या कानाच्या गावठी कुत्र्याला कदाचित वर्षभर एकदाही नाही. कान परत-परत बिघडत असेल तर चूक सफाईची नसते. बऱ्याचदा ॲलर्जी असते, तिचा इलाज वेगळा.

८ नोव्हेंबर

कुसळीचं गवत पिकलं. धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून), पडिकातून फिरून आलेली कुत्री.

कुसळाचं टोक सुईसारखं, मागे उलटे ताठ केस, आणि लांब शेपटी. शेपटी ओल लागली की पीळ उलगडते आणि वाळली की पुन्हा पिळते. त्या फिरण्यानेच बी मातीत घुसतं. कानातही तसंच. उलट्या केसांमुळे ते मागे येत नाही, पुढेच सरकतं. म्हणून हेही दुखणं असं आहे ज्यात कान धुवायचा नाही. पाणी टाकलं की कुसळ फिरून आणखी खोल.

ओळख: सकाळी बरं असलेलं कुत्रं संध्याकाळी अचानक एकाच बाजूने डोकं झटकतं, त्याच बाजूला मान वाकवतं, कान धरू देत नाही. दोन्ही कान सारखे खाजत असतील तर बहुधा कुसळ नाही. शेपटी भोकाच्या बाहेर स्पष्ट दिसत असेल आणि कुत्रं शांत असेल तरच चिमट्याने शेपटीच्या मुळाशी पकडून घुसलेल्या रेषेतच ओढायचं. शेपटी तुटली, दिसेनाशी झाली किंवा कुत्रं हलतं आहे, तर त्याच दिवशी दवाखाना. दुसऱ्या दिवसापर्यंत सूज येते आणि तुकडा दिसेनासा होतो.

शेतावरून आल्यावर तपासायचा क्रम: पाळीची आतली बाजू, कानाच्या कडेची खिशासारखी घडी, भोकाभोवतीचे केस, मग पायांच्या बोटांमधल्या फटी, काखा. भोकाभोवतीचे लांब केस बोथट टोकाच्या कात्रीने कापून ठेवले, उपटले नाहीत. उपटल्याने मुळं सुजतात.

गवत झडेपर्यंत ही तपासणी रोज संध्याकाळी, कुत्रं ओसरीवर यायच्या आधी, उजेड असताना.